बस, थांबा!

'थांबा' हा मराठीतला फार बेभरवशाचा शब्द आहे. रस्त्याच्या कडेला एका खांबावर 'बसथांबा' अशी पाटी असते. आपण ती लहानपणापासून वाचत आलो, म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. पण नुकतंच मराठी शिकलेल्या एखाद्या परप्रांतीयाच्या डोळ्यांनी ती वाचून बघा. आधी 'बस' आणि मग 'थांबा'. एकाच पाटीवर सुरुवातीला अरेतुरे आणि लगेच अहोजाहो! त्या बिचाऱ्याला वाटेल, काय अगत्याचं गाव आहे, इथले खांबसुद्धा जाणाऱ्या-येणाऱ्याला बसवून घेतात. एस.टी.च्या रस्त्यावर तर 'विनंती थांबा' असतो. इतक्या अजिजीनं मला माझ्या सख्ख्या मेव्हण्यानंही कधी थांबायला सांगितलेलं नाही. आणि एवढं सगळं असून, गेल्या वर्षी अशाच एका पाटीखाली मी खरोखर थांबलो, तर मला 500 रुपये दंड झाला.

हकिगत साधी आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. वय 78, डावा गुडघा नवा, उजवा मूळचा. नव्या गुडघ्याला वळण लावण्यासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या दवाखान्यात जावं लागतं. तो दवाखाना भर रस्त्यावर. रस्त्याला पदपथ आहे आणि पदपथाला लोखंडी कठडा आहे. माणसांनी रस्त्यावर येऊ नये म्हणून तो बसवला. त्यामुळे रस्त्यावर आलेल्या माणसाला पदपथावर परत जाता येत नाही, हा त्याचा दुसरा उपयोग. आमच्या चौकापासून पुढच्या चौकापर्यंत या कठड्याला एकच खिंड आहे, ती बसथांब्यापाशी. मी तिथे गाडी थांबवली, उतरलो, दार उघडलं, काठी काढून दिली आणि आजींना उतरवलं. घड्याळ काही लावलं नव्हतं. पण आजींचे तीन 'आई गं' आणि एक 'हळू रे मेल्या' एवढा वेळ लागला. म्हणजे धरून चाला सव्वा ते दीड मिनिट.

संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. सोबत फोटो. फोटोत गाडीचा नंबर माझ्या लग्नाच्या फोटोतल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आला होता. वर 'बसथांबा' ही पाटी. आजी मात्र दाराआड वाकलेल्या असल्यामुळे दिसत नव्हत्या. फक्त काठीचं टोक दिसत होतं, तेही शोधणाऱ्याला. पूर्वी शिट्टी वाजायची, हवालदार यायचा, आपण हात जोडायचो, तो आजींकडे बघायचा, आणि दोन माणसांमध्ये काहीतरी एक व्हायचं. बरं-वाईट जे असेल ते. पण माणसांमध्ये व्हायचं. फोटोला हात जोडून काय होणार?

रक्कम मोठी नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या 177व्या कलमात किरकोळ गुन्ह्याला पूर्वी पहिल्या वेळी 100 आणि पुढच्या वेळी 300 रुपये होते. 2019 साली कायदा दुरुस्त झाला आणि महाराष्ट्रात 2021च्या डिसेंबरपासून त्याचे 500 आणि 1500 झाले. पाचशे रुपयांत हल्ली चौघांचा डोसासुद्धा होत नाही. पण तो 'गुन्हा' हा शब्द होता ना, तो घशात अडकला. चाळीस वर्षं वाण्याचं बिल, विम्याचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची फी वेळेवर भरणाऱ्या माणसाला कुणी एकदम गुन्हेगार म्हटलं, की त्याच्या आतला न्यायाधीश, फिर्यादी आणि वकील असे तिघेही एकाच वेळी उठून उभे राहतात.

बाहेरचा वकील माझा शाळेतला मित्र आहे. त्यानं फोटो पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"यात गाडी थांबलेली कुठे दिसतेय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अरे, फोटोत सगळ्याच गाड्या थांबलेल्या दिसतात! मागची बस बघ. ती पण थांबलेलीच दिसतेय. तो उडणारा कावळा बघ, तोही थांबलाय. त्याला दंड केला का? गाडी हळूहळू पुढे चालली होती म्हणून लिहून दे. नाही शाबीत करू शकत."

मी थक्क झालो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झेनो नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की सुटलेला बाण घ्या. कुठल्याही एका क्षणी तो कुठल्यातरी एकाच जागी असतो, म्हणजे त्या क्षणापुरता स्थिर असतो. आणि सगळे क्षण असेच असतील तर बाण हलतो कधी? या कोड्यानं भल्याभल्यांच्या झोपा उडवल्या. माझ्या मित्रानं झेनोचं नावही ऐकलेलं नाही. पण चार दशकं फौजदारी कोर्टात काढल्यावर माणूस आपोआप झेनोपर्यंत पोहोचतो, एवढाच याचा अर्थ.

त्याच्याकडे आणखी एक बाण होता. 1989 सालच्या रस्त्याच्या नियमांत बसथांब्या'जवळ' वाहन उभं करू नये असं म्हटलं होतं आणि जवळ म्हणजे किती, हे सांगितलेलं नव्हतं. 2017 साली त्या नियमांच्या जागी नवे आले. पण वकिलांचं जुन्या नियमांवर जुन्या चप्पलांसारखं प्रेम असतं. "'जवळ' म्हणजे काय? 'जवळच राहतो' म्हणणारा माणूस आपल्याला दोन मैल चालवतो की नाही?" मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच, की मी थांब्याजवळ नव्हतोच. मी थांब्यातच होतो.

गाडी चालती होती, असं लिहायला माझा हात मात्र होईना. यात साधुत्व काही नाही. भीती होती. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा. (आज असता तर तो रस्त्यावर आहे असं कुठल्याच पोलिसाला म्हणता आलं नसतं.) अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं आणि तो हत्ती होता हे हळूच, एवढंच त्यानं केलं आणि रथ खाली टेकला. माझी गाडी पहिल्यापासूनच टेकलेली. खड्ड्यांमुळे कधी कधी तर टेकण्याच्याही खाली. आणखी खाली जायला तिला जागा नव्हती.

मग मी ठरवलं, खरं काय ते लिहायचं. तक्रार नोंदवायची सोय मोबाइलवर होती. तिथे कारणांची यादी दिली होती: वाहन माझं नाही, नंबर चुकीचा, फोटो अस्पष्ट, दंड आधीच भरला आहे, इतर. माझं वाहन माझंच होतं. नंबर माझाच. फोटो तर फ्रेम करून लावावा इतका छान. म्हणजे मी 'इतर'. आयुष्यभर कुठल्याही अर्जात मी शेवटी 'इतर' मध्येच जाऊन पडत आलो आहे.

ही यादी बघताना मला कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्र लिहिणारा हा माणूस दंडाच्या बाबतीत कुणाला ऐकणारा नव्हता. राज्यातल्या हरएक उचापतीला त्यानं दंड लावून ठेवलाय. पण गाडीवानाच्या बाबतीत बघा. बैलाची वेसण तुटली, जू मोडलं, गाडी आडवी गेली किंवा मागे सरकली, किंवा जनावरं, माणसं आणि गाड्या यांची खेचाखेच झालेली असली, आणि त्यात कुणाला इजा झाली, तरी गाडीवानाला दंड नाही, असं तो लिहितो. म्हणजे गाडी रस्त्यावर चालते, शास्त्रात चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. दंड फार कडक असला तर लोक धसकतात, फार मऊ असला तर कुणी मोजत नाही, आणि योग्य असला तर लोक मान देतात, हेही त्याचंच म्हणणं. आमच्या यादीत जू मोडण्याची सोय नव्हती. गुडघा मोडण्याची तर नव्हतीच.

'इतर'पुढे 200 अक्षरांची चौकट होती. मी लिहायला बसलो आणि तिथेच खरी गोची झाली. काय लिहू?

आपल्या देशात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलण्याच्या दोन थोर परंपरा आहेत. पहिली टिळकांची. 1908 साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांनी स्वतः आपली बाजू मांडली, दिवसचे दिवस भाषण केलं आणि शेवटपर्यंत सांगितलं की मी गुन्हा केलेला नाही. दुसरी गांधीजींची. 1922 साली अहमदाबादला ते म्हणाले, होय, केलं. आणि कायद्यात असेल ती जास्तीत जास्त शिक्षा मला द्या. गंमत म्हणजे दोघांनाही सहा-सहा वर्षंच मिळाली. टिळकांना वर 1000 रुपये दंड. आता तुम्हीआम्ही बघा. आपली परंपरा तिसरीच. 'होय, केलं, पण शिक्षा नको.' जगातली नव्व्याण्णव टक्के माणसं या तिसऱ्या परंपरेतली असतात आणि तिचा पुतळा कुठल्याच चौकात नाही. पण म्हणून ती खोटी ठरते का? आईनं लपवलेला लाडू धाकट्या भुकेल्या भावासाठी काढला, तर 'काढला' हे खरं आणि 'मार नको' हेही खरंच की!

मी असा विचारमग्न बसलेला पाहून बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला नक्की काय हवंय? पैसे वाचवायचे आहेत, की आपणच बरोबर आहोत हे कुणाकडून तरी लिहून हवंय?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असे प्रश्न विचारू नयेत.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी मला भरा-आणि-विसरा हा उपदेश केला. "साहेब, मी महिन्याला दोन-तीन भरतो. बाजारात पार्किंगला जागा शोधत अर्धा तास फिरायचं, पेट्रोल जाळायचं, त्यापेक्षा हे स्वस्त. पावती समजायची." हे ऐकून मात्र मी दचकलो. इस्रायलमध्ये हैफा या शहरातल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता. 2000 साली तो छापून आला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी उशिराला दंड ठेवला. झालं असं, की उशीर कमी होण्याऐवजी वाढला! आधी लोकांना ताटकळणाऱ्या बाईंची लाज वाटायची. आता वाटायला लागलं, पैसे भरतोय ना. आणि पुढे दंड बंद केला, तरी गेलेली लाज काही परत आली नाही. आमचे चेअरमन हैफाला कधी गेलेले नाहीत. ते जेजुरीच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण बसथांब्यावरचं एक मिनिट 500 रुपयांना विकत मिळतं, हा शोध त्यांनी स्वतंत्रपणे लावला होता. मी निमूट पैसे भरले असते, तर मीही त्यांच्याच दुकानातलं गिऱ्हाईक झालो असतो. निदान भांडणारा माणूस त्या 500 रुपयांना किंमत समजत नाही, दंडच समजतो. आज आपल्याकडे दंडाचा मान राखतो तो भांडणाराच, असं माझं मत बनलं आहे. ते कायम राहील असं सांगत नाही.

200 अक्षरांत कठड्याचं वर्णन अचूक करावं म्हणून एका संध्याकाळी मी त्या थांब्यावर जाऊन बसलो. पाच ते सहा. मोजपट्टी नेली होती. पण ती पिशवीतच राहिली.

त्या तासाभरात थांब्यापुढे 23 गाड्या थांबल्या. वही होती म्हणून आकडा सांगता येतो. एकानं औषधं घेतली. एकीनं मुलाला शिकवणीला सोडलं. एक गृहस्थ फोन आला म्हणून थांबले होते. गाडी चालवताना फोनवर बोलू नये हा नियम ते पाळत होते. एकाच्या गाडीतून दोघांनी उचलून एका म्हाताऱ्या गृहस्थांना उतरवलं, माझ्याच आजींच्या दवाखान्यात. कुणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबलं नाही. एकूण एक कारणं मला पटली. मी न्यायाधीश असतो तर फोनवाल्याला थोडं दरडावून 23च्या 23 जणांना सोडून दिलं असतं. आणि त्या तासात चार बसेस आल्या, त्यांतली एकच कडेला लागू शकली. बाकीच्या तीन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदपथावरून बसची पायरी म्हणजे एक पाऊल. रस्त्यावरून तीच पायरी मांडीइतकी उंच. हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई पदपथावरून उतरली, दोन गाड्यांच्या फटीतून अंग चोरत गेली, दांडीला धरून लोंबकळली आणि कंडक्टरनं हात देऊन तिला वर ओढून घेतलं. तिचे गुडघे मला साडीमुळे दिसले नाहीत. नवे नसावेत.

मी सारखा विचार करत राहिलो. या 23 जणांत नेमका दोषी कोण? पहिला म्हणाल तर त्याच्या वेळी बस आलीच नव्हती. तेविसावा म्हणाल तर तो बावीस जण थांबतात हे बघूनच थांबला. प्रत्येकाचं एक मिनिट खरं आणि निष्पाप. त्यांची बेरीज केली की मात्र त्या बाईचा थांबा गायब. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणायचा, सगळ्यांनीच तसं वागायचं ठरवलं तरी चालेल, असंच वाग. पण सगळ्यांनी आपापल्या आजींना दवाखान्यात नेलंच पाहिजे, असंही तोच म्हणाला असता! कांट जन्मभर आपल्या गावात पायीच फिरला आणि त्याला वरच्या मजल्यावर आजी नव्हत्या. माझं कारण त्या संध्याकाळीही मला तितकंच खरं वाटत होतं. त्यात एक गुंजही घट झाली नव्हती. फक्त त्याच्या शेजारी आता ती भाजीची पिशवी येऊन बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती.

हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला आज कळतंय? एकतीस वर्षं नोकरीला मी त्याच थांब्यावरून जायची. या मोटारवाल्यांना रोज शिव्या घालायची. रांडेचे, बापाचा रस्ता समजतात!"

"आणि परवा मागच्या बसनं हॉर्न वाजवला तेव्हा?"

"तेव्हा त्या ड्रायव्हरला घातल्या. म्हातारं माणूस उतरतंय दिसत नाही का मेल्याला?"

दोन्ही शिव्या त्यांनी सारख्याच मनापासून घातल्या होत्या. नीतिशास्त्राचे एवढे ग्रंथ झाले, पण माणूस बसमध्ये बसलाय की मोटारीत, हे कुणी आधी विचारत नाही.

अखेर मी चौकटीत लिहिलं: 'थांबलो हे खरे. दीड मिनिट. वृद्ध रुग्ण उतरवण्यासाठी. दोन चौकांमध्ये कठड्याला अन्य वाट नाही. दंडाबद्दल वाद नंतर घालू. आधी कृपया सांगावे, अशा माणसाला उतरवावे कुठे?' अक्षरं बरोबर बसली. एक पूर्णविराम शिल्लकसुद्धा उरला. वकील मित्रानं कपाळावर हात मारला. "पहिल्याच वाक्यात कबुली! अरे, असा अर्ज मी वैऱ्यालाही लिहून दिला नसता."

बारा दिवसांनी उत्तर आलं. 'तक्रार तपासली. उल्लंघन आढळले. दंड कायम.' माझ्या प्रश्नाचं चिन्हही त्यात नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी लोकअदालतीची नोटीस आली.

लोकअदालत ही फार शहाणी संस्था आहे. 1987च्या कायद्यानं तिला दर्जा दिला. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही. मात्र तो निवाडा दोन्ही बाजूंच्या संमतीनं होतो. कोण बरोबर होतं, हे तिथे कुणी सांगत नाही. तेवढं एक सोडून बाकी सगळं मिटतं. मोठा मंडप, खुर्च्या, पंखे, आणि माझ्यासारखे शेकडो 'इतर'. माझा नंबर लागला. पॅनेलवरच्या निवृत्त न्यायाधीशांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला.

"आजी कशा आहेत आता?" त्यांनी विचारलं.

सात-आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणारा राज्ययंत्रणेतला हा पहिला माणूस. माझ्या घशाशी काहीतरी आलं. "बऱ्या आहेत," मी म्हणालो, "उजवाही बदलायचा म्हणतायत."

"तुमचा प्रश्न योग्य आहे. पण तो माझ्यापुढे नाही. माझ्यापुढे फक्त पावती आहे. निम्म्यावर मिटवता? नाहीतर कोर्टात चालवा, तो तुमचा हक्क आहे. तिथे होय किंवा नाही असं मिळेल."

मागे रांग होती. माझ्या डोळ्यांपुढून टिळक गेले, गांधी गेले, भाजीची पिशवी गेली. मी 250 रुपये भरले. पावतीवर पाहिलं तर 'दंड' हा शब्दच नाही! तिथे छापलं होतं, 'तडजोड शुल्क'. म्हणजे ज्या शब्दासाठी मी इतके महिने कायद्याशी भांडत होतो, तो कायद्यानं परस्पर खोडून टाकला होता.

आजींनी विचारलं, "मग? कुणाचं बरोबर म्हणाले?"

"तडजोड झाली."

"म्हणजे कुणाचंच नाही." त्यांनी कनवटीची पिशवी काढली आणि 125 रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "गुडघा माझा, गाडी तुझी. निम्मे निम्मे." मी नको म्हणालो. "मग पुढच्या वेळी मी बसनं जाईन," त्या म्हणाल्या. मी पैसे घेतले.

मध्यंतरी दवाखान्यासमोरच्या कठड्याची एक पट्टी कुणीतरी रातोरात कापून नेली. महापालिकेनं म्हणावं तर काप फारच घाईचा दिसतो. भंगारवाल्यानं म्हणावं तर एकच कशी नेली? वाट मात्र झोकात झाली, काठीसकट माणूस आरामात आत जातो. थांब्यापासून ती चांगली लांब आहे. पहिल्या आठवड्यात मी आजींना तिथेच उतरवलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्या फटीसमोर एक रिक्षा उभी असते. रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "एकच मिनिट, काका. पेशंट आत गेलंय."